बर्लिनला माणसं नेता, पण राहायचं कुठे? भरती करणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादहून बर्लिनला माणसं नेणाऱ्या कंपन्यांचे एचआर, पेरोल आणि रिलोकेशन विभाग

स. न. वि. वि.

तुमच्या ऑफर लेटरमधलं घराविषयीचं कलम हल्ली आक्रसत चाललंय. पूर्वी राहण्याची सोय कंपनी करेल असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. आता आमच्याकडे वाचायला येणाऱ्या पत्रांत 'रिलोकेशन बोनस' नावाची एक ठोक रक्कम असते, चार आठवड्यांचं सर्व्हिस अपार्टमेंट असतं आणि कुठल्याशा एजन्सीचं लॉगिन असतं. पुढचं ज्याचं त्याने बघायचं. हा बदल मुकाट्याने मान्य करण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही बर्लिनमध्ये भाड्याने राहणारी काही मराठी माणसं आहोत. नव्याने येणाऱ्यांचे भाडेकरार वाचून देणं, बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, सोबत जाणं, अडकलेल्या डिपॉझिटसाठी जर्मनमध्ये पत्र लिहून देणं हे आम्ही सुट्टीच्या दिवशी, ओळखीपाळखीत करतो. यातलं बरंचसं काम खरं तर तुमचं आहे. पत्र मराठीत आहे, कारण तुमच्या पुण्याच्या ऑफिसातून ऑफर पाठवणारी माणसं बरीचशी मराठी आहेत आणि ती ऑफर घरच्यांसमोर ठेवून विचार करणारी मुलंमुलीही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. बर्लिनमध्ये घरं कमी आहेत हा तुमचा दोष नाही. बर्लिनच्या राज्य सरकारने २०२० मध्ये भाड्यांवर सरसकट मर्यादा घालून पाहिली, २०२१ मध्ये संघराज्याच्या घटना न्यायालयाने ती रद्द केली. हा विषय राज्याच्या अखत्यारीत येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. नवी बांधकामं रखडताहेत, जुने भाडेकरू स्वस्त घर सोडत नाहीत, आणि का सोडावं त्यांनी? या सगळ्याला तुम्ही काही करू शकत नाही. पण नव्या माणसाचे पहिले सहा महिने जे हाल होतात, त्यातले निम्मे घरांच्या टंचाईने होत नाहीत. ते एका कागदापायी दुसरा कागद अडल्याने होतात, आणि त्यातले बरेच कागद तुमच्या टेबलावर तयार होतात.

पहिली तक्रार पत्त्याच्या नोंदणीची. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत बुर्गरआम्टमध्ये 'अनमेल्डुंग' करावं लागतं, हे तुम्ही स्वागताच्या पुस्तिकेत लिहिता. त्यासाठी १ नोव्हेंबर २०१५ पासून घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो, हे बहुतेक पुस्तिकांत नसतं. दाखला एका पानाचा असतो: पत्ता, राहायला आल्याची तारीख, येणाऱ्या सगळ्यांची नावं, घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि मालक वेगळा असेल तर त्याचं नाव. भाडेकराराची प्रत हा त्याला पर्याय नाही, उलट दाखला असेल तर करार दाखवावाही लागत नाही.

आता तुमच्या चार आठवड्यांच्या अपार्टमेंटकडे बघा. ते चालवणारा बहुतेकदा स्वतःला हॉटेलांच्या वर्गात धरतो. परदेशातून आलेल्या आणि जर्मनीत दुसरं घर नसलेल्या माणसाला हॉटेलात तीन महिन्यांपर्यंत नोंदणी करावी लागत नाही, अशी तरतूद आहे. तिच्यावर बोट ठेवून तो दाखला द्यायला सरळ नाही म्हणतो. म्हणजे ज्या महिन्यात नोंदणीची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच महिना तुम्ही अशा जागी काढायला लावता जिथे नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडी नाही. राहण्याच्या परवान्याचं घोडं परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अडतं. मूल सोबत असेल तर भर पडते, कारण पाळणाघराचं व्हाउचर जिल्ह्याच्या बालकल्याण कार्यालयातून मिळतं आणि प्राथमिक शाळा नोंदवलेल्या पत्त्याच्या हद्दीवरून ठरते. अपार्टमेंट बुक करणारी तुमची टीम एक प्रश्न आधी विचारून मोकळी होऊ शकते: 'दाखला देणार का, लेखी सांगा.' असा दाखला देणारी अपार्टमेंटं बर्लिनमध्ये आहेत. थोडी महाग पडतात, आणि तिथेच तुमची काटकसर आड येते.

याच्याच जोडीची एक बारीक गोष्ट आहे, जी कोणीच सांगत नाही. बर्लिनच्या जुन्या इमारतींत पत्त्यावर फ्लॅटचा नंबर नसतो. पुढची इमारत, बाजूचा पंख, मागची इमारत, एवढंच. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर 'कुलकर्णी' नसेल तर कुलकर्ण्यांचं पत्र परत जातं, मग भले ते वर तिसऱ्या मजल्यावर दाराशी कान लावून बसलेले असोत. टॅक्स आयडी, विमा कार्ड, बँकेचा पिन, सगळं पोस्टानेच येतं. टॅक्स आयडी पुन्हा मागवता येतो, पण तोही पोस्टानेच! तेव्हा घराची किल्ली देताना पेटीवर आणि बेलवर नाव चिकटवून द्या. दोन रुपयांच्या स्टिकरचं काम आहे.

दुसरी तक्रार थेट पेरोलशी आहे. टॅक्स आयडी नाही म्हणून पहिला पगार सहाव्या करवर्गात काढला, असं उत्तर आम्ही फार वाचलंय. सहाव्या वर्गात मूळ करमाफ रक्कम धरलीच जात नाही, त्यामुळे कपात भरमसाट होते. पैसे पुढे दुरुस्तीतून किंवा वार्षिक विवरणपत्रातून परत मिळतात हे खरं, पण डिपॉझिट आज भरायचं असतं. प्राप्तिकर कायद्याच्या ३९सी कलमात यावर तोड आहे. आयडीचं पत्र आलं नाही यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल, तर कंपनीने जास्तीत जास्त तीन कॅलेंडर महिने त्याच्या अपेक्षित करवर्गानुसार पगार काढायचा असतो. नोंदणी करून पत्राची वाट पाहणारा माणूस या कलमात चपखल बसतो. हे आम्ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांना समजावून सांगायचं आणि त्यांनी तुमच्या पेरोलला, ही उलटी गंगा झाली.

पैशाचंच पुढे बोलू. समजा एका जोडप्याला दोन खोल्यांचं घर मिळालं, मूळ भाडं ११०० युरो, हीटिंग-पाणी-जिना सफाई धरून १४००. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येतं, म्हणजे ३३००. पहिल्या महिन्याचं भाडं १४००. घर लगेच मिळालं नाही म्हणून अपार्टमेंट आणखी महिनाभर वाढवलं, समजा १८००. झाले ६५०० युरो, म्हणजे साडेसहा लाख रुपयांच्या घरात. पलंग, गाद्या, दिवे यायचेच आहेत. इथे रिकामं घर म्हणजे छतातून लोंबणाऱ्या वायरी, आणि स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं पुष्कळदा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यावी लागतात. एवढ्यासाठी तुम्ही समजा ३००० युरोंचा बोनस दिलात. तो पगारात धरला जातो, कर आणि सामाजिक विमा कापून निम्म्याहून थोडा अधिक हातात पडतो, तोही पहिल्या पगाराबरोबर, म्हणजे गरज संपल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

यात तिडीक येते ती अशासाठी, की त्याच पैशात जास्त देता येतं. घर हलवण्याचा खर्च पावत्यांवर भरून दिला तर कायद्याच्या मर्यादेत तो करमुक्त असतो. ठोक बोनसवर कर लागतो. तुम्हाला पावत्या तपासायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याची किंमत कर्मचाऱ्याच्या खिशातून. डिपॉझिट हा खर्च नव्हे, ते परत मिळायचे पैसे, म्हणून त्यासाठी बिनव्याजी उसनवार हा साधा मार्ग आहे. शिल्लक कर्ज २६०० युरोंच्या वर नसेल तर वाचलेल्या व्याजावर करही धरत नाहीत. शिवाय डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. घरमालक हे सांगत नाही. तुमची एजन्सी तरी सांगते का? आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक करारात पूर्ण रक्कम किल्लीआधी भरा असंच असतं, आणि भरूनही झालेलं असतं.

बोनसला जोडलेलं परतफेडीचं कलम वेगळंच. दोन वर्षांत नोकरी सोडलीत तर रिलोकेशनचे पैसे परत करा, असं लिहिता. करा तसं, पण कंपनीनेच काढून टाकलं तर हे कलम लागू नाही, एवढं एक वाक्य त्यात घाला, आणि रक्कम दर महिन्याला घटत जाऊ द्या.

आता घरमालकाला लागणाऱ्या कागदांविषयी. इमोस्काउटसारख्या संकेतस्थळावर बऱ्या भाड्याचं घर दिसलं की काही तासांत अर्जांचा ढीग पडतो आणि जाहिरात उतरवली जाते. ज्याची फाइल तयार, त्याचा नंबर. त्या फाइलमध्ये मागतात शेवटच्या तीन पे-स्लिपा, शूफा या पतनोंदणी कंपनीचा पत-अहवाल, आधीच्या घरमालकाचा भाडं थकलेलं नाही असा दाखला, पासपोर्ट-व्हिसा, आणि स्वतःविषयी माहितीचा फॉर्म. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे यातलं पासपोर्टखेरीज काहीच नसतं. शूफाकडे त्याची नोंदच नाही. वाईट नोंद नाही हे खरं, पण कोऱ्या पाटीला घरमालक घाबरतो.

ही उणीव भरून काढणारं एकच पत्र आहे आणि ते तुम्हीच देऊ शकता. नोकरी कायम स्वरूपाची आहे की मुदतीची, रुजू होण्याची तारीख, महिन्याचा ढोबळ (कपातीआधीचा) आणि अंदाजे निव्वळ पगार, सही करणाऱ्याचं नाव, आणि घरमालकाने फोन केला तर उचलणाऱ्या माणसाचा नंबर. जर्मनमध्ये, कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह. आम्ही पाहिलेली बहुतेक पत्रं इंग्रजीत असतात, पगाराचा आकडा वार्षिक असतो आणि खाली सहीऐवजी 'हे पत्र संगणकनिर्मित आहे' असं छापलेलं. तिथला घरमालक, बहुधा साठीच्या पुढचा, महिन्याला हातात किती येतात आणि भाडं त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होतं का, एवढंच बघतो. वार्षिक ढोबळ आकड्यावरून तो हिशेब त्याने का करत बसावा? प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं हे त्यालाही माहीत असतं. तुम्ही सहा महिन्यांपुरती भाड्याची लेखी हमी दिलीत, तर कोऱ्या पाटीची भीती बरीचशी जाते.

सर्वांत मोठी तक्रार मात्र सामान-सुमानासह मिळणाऱ्या मुदतीच्या घरांची आहे. रिकामं, कायमच्या कराराचं घर मिळवायला महिने लागतात. फर्निचरवालं घर आठवड्यात मिळतं. म्हणून तुमच्या एजन्सीज नव्या माणसाला तिकडेच वळवतात. घर 'मिळवून दिलं' की त्यांचं काम संपलं, ते भाडं रास्त आहे का याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

बर्लिनमध्ये १ जून २०१५ पासून नव्या करारांवर भाड्याला लगाम आहे: त्या भागातल्या तुलनात्मक भाड्याच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुलनात्मक भाडं शहराच्या 'मीटश्पीगल' तक्त्यात मिळतं. बांधकामाचं साल, क्षेत्रफळ, परिसर, सोयी भरल्या की प्रति चौरस मीटर किती ते निघतं, आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. लगामाची मुदत संसदेने २०२९ अखेरपर्यंत वाढवली आहे. अपवाद आहेत: १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं, आमूलाग्र नूतनीकरण केलेली घरं, आणि आधीच्या भाडेकरूचं भाडंच जास्त असेल तर तेवढं. फर्निचर असलं म्हणून लगाम सुटत नाही. फर्निचरसाठी वरचे पैसे घेता येतात, पण कायद्याने ते किती, कसे, वेगळे दाखवायचेच असं कुठे म्हटलेलं नाही. मग घरमालक एकच आकडा लिहितो आणि त्यात जुना सोफा, चार ताटल्या आणि एक मेलेली कुंडी यांच्या जोरावर काय काय दडवतो ते विचारू नका.

त्याहून चलाख पळवाट करारातल्या एका परिच्छेदात असते. साधारण असा मजकूर: 'भाडेकरूला हे घर त्याच्या तात्पुरत्या व्यावसायिक वास्तव्यापुरतंच हवं आहे.' दिसायला निरुपद्रवी. पण थोडक्या काळाच्या वापरासाठी दिलेल्या घराला भाड्याचा लगाम लागू होत नाही. नेहमीच्या करारात मुदत घालायची तर कायद्यातलं ठरावीक कारण लेखी द्यावं लागतं, म्हणजे मालकाला स्वतःला राहायचंय, मोठं बांधकाम करायचंय किंवा घर नोकरवर्गासाठी लागणारंय. कारण नसेल तर करार बेमुदत धरला जातो. तात्पुरत्या वापराच्या घराला हेही संरक्षण नाही. एका वाक्यात दोन्ही ढाली जातात. आता कायम नोकरीचा करार खिशात असलेला, बायकामुलांना पुढच्या महिन्यात बोलावणारा माणूस 'तात्पुरता' कसा? नुसतं करारात लिहिलं म्हणून वापर तात्पुरता ठरत नाही, घेण्यामागचा खरा हेतू पाहिला जातो. पण कोर्टात जाऊन हे सिद्ध करण्याची ताकद नव्या माणसात नसते. तुमच्या एजन्सीने पाठवलेल्या करारात हे वाक्य असतं, आणि तुम्ही तो करार न वाचता 'लवकर सही करा, घर जाईल' अशी घाई करता, हा आमचा आक्षेप.

'सगळं धरून' भाडं लिहिलेल्या करारांत आणखी एक खाच असते. डिपॉझिटची तिप्पट मर्यादा मोजताना हीटिंग-पाण्याचा वेगळा दाखवलेला आकडा वगळतात. वेगळा दाखवलाच नाही, तर पूर्ण भाड्याच्या तिप्पट मागायला वाट मोकळी. वरच्या उदाहरणात ३३०० च्या जागी ४२००. फक्त एक ओळ फोडून लिहिली नाही म्हणून नऊशे युरो जास्त.

जास्त भाडं घेतलं गेलं असेल तर उपाय आहे, तोही सांगतो, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचणार. घरमालकाला भाड्याच्या लगामाचा भंग झाल्याची तक्रार लेखी कळवायची, ईमेल चालतो. करार १ एप्रिल २०२० किंवा त्यानंतरचा असेल आणि घरात आल्यापासून ३० महिन्यांच्या आत तक्रार केली, तर जादा पैसे अगदी पहिल्या महिन्यापासूनचे परत मागता येतात. उशीर केला तर तक्रारीनंतरच्याच भाड्याचे. घर सोडल्यावर बघू म्हणून थांबणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. भाडेकरू संघाचं सभासदत्व वर्षाला दीडशे युरोंच्या आतबाहेर पडतं. तिथले वकील करार तपासून देतात. पण सही करण्याआधी गेलं पाहिजे.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. नमुना ठरलेला आहे: बर्लिनच्या फ्रीडरिशहाइन भागात न पटण्याइतकं स्वस्त घर, मालक 'परदेशी बदलून गेलेला', किल्ली कुरिअरने, पैसे आधी, आणि पासपोर्टची दोन्ही पानं ईमेलवर. अजून भारतातच असलेली मुलं याला बळी पडतात, कारण रुजू व्हायची तारीख जवळ आलेली असते आणि चार आठवड्यांनंतर डोक्यावर छप्पर नाही हे त्यांना दिसत असतं. घाई तुमच्या कलमातून आलेली असते, फायदा भामटा उठवतो. पासपोर्टचा तोच स्कॅन पुढच्या जाहिरातीत 'घरमालकाचा' म्हणून फिरतो.

पोटभाड्याच्या खोल्यांत आपलीही माणसं आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मूळ घरमालकाची परवानगी न घेता खोली द्यायची, भाडं दामदुपटीने लावायचं, डिपॉझिट रोखीत घ्यायचं, नोंदणीचं नाव काढायचं नाही. मालकाला कळलं की मुख्य भाडेकरूचा करार जातो आणि त्याच्याबरोबर पोटभाडेकरूही रस्त्यावर येतो. काही जण नुसता पत्ता विकतात, राहायला नाही, केवळ नोंदणीपुरता. खोट्या नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. 'आपला मराठी माणूस आहे' म्हणून कागद न करणाऱ्यांनी एवढं वाचावं.

आडनाव वाचून घर नाकारण्याबद्दल कायदा आहे, वंश किंवा मूळ पाहून भेदभाव करता येत नाही आणि दावा दोन महिन्यांत मांडावा लागतो. सिद्ध करणं कठीण. फोडणीच्या वासाचं कारण पुढे करणारे घरमालकही भेटतात. यात कंपनीच्या नावाने गेलेला एक फोन जे काम करतो ते कर्मचाऱ्याचे पन्नास ईमेल करत नाहीत, एवढंच नोंदवून ठेवतो.

कंपनीने घरं देणं ही काही नवलाची गोष्ट नाही. बर्लिनच्या वायव्येला सीमेन्सच्या कारखान्यांभोवती वसलेल्या भागाला १९१४ पासून सीमेन्सश्टाट हेच नाव आहे. त्याच्या चार वर्षं आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखान्यासोबत वसाहत उभी केली होती. तुमच्याकडून कोणी वसाहत मागत नाही. दहा-वीस फ्लॅट कंपनीच्या नावाने धरून ठेवा आणि नव्या माणसाला फिरत्या पद्धतीने द्या. २०२० पासून करातही त्याला सवलत आहे: कर्मचाऱ्याने बाजारभाड्याच्या दोन तृतीयांश रक्कम भरली, तर उरलेला लाभ करपात्र धरत नाहीत, मात्र मूळ भाडं प्रति चौरस मीटर २५ युरोंच्या आत हवं. धोका एकच. नोकरी आणि घर एकाच हातात गेलं की माणूस बांधला जातो, आणि नोकरी गेल्यावर असं घर लवकर खाली करून मागता येतं. म्हणून हे घर पुलासारखं असावं, मुक्कामाचं नव्हे.

आमच्या मागण्या:

१. पहिले तीन महिने नोंदणीचा दाखला देणारीच जागा द्या, आणि तो दाखला किल्लीसोबत हातात ठेवा. पेटीवर नाव लावून.

२. टॅक्स आयडी येईपर्यंत ३९सी कलमानुसार पगार काढा.

३. ठोक बोनसऐवजी पावत्यांवर भरपाई, आणि डिपॉझिटसाठी २६०० युरोंपर्यंत बिनव्याजी उसनवार, रुजू होण्याच्या दिवशी. परतफेडीचं कलम दरमहा घटणारं, आणि कंपनीने काढल्यास रद्द.

४. व्हिसा मिळाला की आठवड्याच्या आत जर्मनमधलं सहीचं नोकरी-पत्र, मासिक निव्वळ पगारासह. घरमालकाने मागितल्यास प्रोबेशनपुरती भाड्याची हमी.

५. एजन्सीशी होणाऱ्या करारात अट घाला: मूळ भाडं, फर्निचरचे पैसे आणि इतर खर्च वेगळे न दाखवणारा, किंवा कायम नोकरी असलेल्याला 'तात्पुरता' म्हणवणारा भाडेकरार ती पुढे पाठवणार नाही.

६. पहिल्या वर्षाचं भाडेकरू संघाचं सभासदत्व कंपनीने भरावं.

७. कंपनीचे फ्लॅट ठेवलेत तर नोकरी संपल्यावरही किमान तीन महिने राहू द्याल, असं करारात लिहा.

यांपैकी काय मान्य आहे ते तुमच्या पुढच्या ऑफर लेटरच्या मजकुरातच दिसू द्या, वेगळ्या उत्तराची गरज नाही. तोवर ऑफर घेऊन विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगणार आहोत, की सही करण्याआधी एचआरला ईमेलवर चार गोष्टी विचारा: पहिल्या जागेत नोंदणी होते का, आयडी येईपर्यंत पगार कोणत्या करवर्गात काढणार, डिपॉझिट कोण आणि कधी देणार, आणि भाडेकरार सही करण्याआधी कोण वाचणार. उत्तर ईमेलवरच मागा, फोनवर नको.

आपले,
बर्लिनमधले काही मराठी भाडेकरू